रस्त्याचा हक्क आणि घराचा हिशेब

देवबाग हे गाव नकाशावर बोटासारखे दिसते. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि दक्षिणेला या दोघांचा संगम. मधे वाळूची लांबट पट्टी, तिच्यावर माड आणि माडांखाली घरे. मालवणहून तारकर्लीमार्गे येणारा रस्ता या पट्टीच्या कण्यासारखा गावातून जातो आणि संगमाकडे संपतो. पुढे जायचे तर होडी हवी. अशा गावात माणसाला ऐसपैस पसरता येत नाही. कुणी कुंपण दोन हात पुढे घेतले की रस्ता तेवढा आखडतो. कुणी दोन खोल्या वाढवल्या की शेजारच्या विहिरीला ते कळते. म्हणून कोपऱ्यावरचा गडगा किती उंच असावा आणि एका जागेत किती घरे, किती माणसे असावीत, हे प्रश्न ऐकायला शहरी वाटले तरी आमच्याकडे ते रोजच्या जगण्याचे आहेत.

आम्ही मूळचे मालवण शहरातले. अब्बांनी देवबागेत चार गुंठ्यांची वाडी आणि तिच्यातले जुने कौलारू घर घेतले, तेव्हापासून आमचे कुटुंब इथे आहे. शेजार गाबीत मच्छीमारांचा, आणि तो अतिशय प्रेमाचा. वाडी नेमकी कोपऱ्यावर आहे. एका अंगाने गावाचा रस्ता, दुसऱ्या अंगाने नदीकडे उतरणारी पाणंद. घर घेताना अम्मीची एकच अट होती की विहीर आणि न्हाणीघर रस्त्यावरून दिसता कामा नये. म्हणून अब्बांनी दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीचा चिऱ्यांचा गडगा घातला. त्या काळी रस्त्यावर सायकली, एखादी बैलगाडी आणि दिवसातून मोजक्या एसट्या असत. गडगा कुणाच्याही आड येत नव्हता.

पुढे रस्ता बदलला. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली आणि देवबाग ही नावे पुण्या-मुंबईच्याच नव्हे, कोल्हापूर-बेळगावच्या घराघरांत पोहोचली. डॉल्फिन पाहायला, पाण्याखाली उतरायला, संगमाजवळच्या वाळूच्या बेटावर जायला गाड्यांची रीघ लागू लागली. सुटीच्या दिवसांत आमच्या कोपऱ्यावर दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की एकीला पन्नास पावले मागे जावे लागते. पाणंदीतून दप्तर घेऊन धावत निघालेले पोर गाडीवाल्याला दिसत नाही, आणि पोराला गाडी दिसत नाही. मधे असतो गडगा.

याविषयी नियम काय आहे? डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुंबईसारखे काही भाग वगळून महाराष्ट्रासाठी बांधकामाची एकत्रित नियमावली मंजूर केली. तिच्यात कुंपणभिंतीची साधारण उंची रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर धरली आहे. वरचा भाग जाळीचा किंवा मोकळा ठेवला तर काही अधिक उंचीला मुभा आहे. पण भूखंड दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर असेल तर कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत पाऊण मीटरपेक्षा उंच नको. म्हणजे सुमारे अडीच फूट. त्यावर आणखी पाऊण मीटर वाढवायचे असेल तर ते आरपार दिसेल असे कठडे हवेत. हा नियम नवलाईचा नाही. देशोदेशीच्या नगररचनेत तो कोणत्या ना कोणत्या रूपात आहे, कारण त्यामागचे तत्त्व साधे आहे. वळणावर दोन्ही वाटांनी येणाऱ्यांना एकमेकांचा अंदाज वेळेत यायला हवा. गावपातळीवरही १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५३ व्या कलमात सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे आणि अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार पंचायतीला दिलेला आहे.

आमच्या घरात यावर पुष्कळ चर्चा झाली. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की गडगा आपल्या जागेत आहे, सातबारा आपल्या नावावर आहे, मग उंची कमी का करायची? दुसऱ्याचे म्हणणे असे की अडीच फुटांच्या भिंतीने घरातल्या बायकांचा पडदा कसा राहणार? मुस्लिम वाचकांना हा दुसरा प्रश्न नवा नाही. आपल्या मोहल्ल्यांतल्या घरांची ठेवणच मुळी रस्त्याकडे पाठ आणि अंगणाकडे तोंड अशी असते. भिंत ही आपल्याकडे इभ्रतीची गोष्ट मानली जाते.

पण धर्माने रस्त्याविषयी काय सांगितले आहे, हेही पाहायला हवे. वाटेतली इजा देणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग आहे, असे हदीस सांगते. वाटेवर बसणाऱ्यांना पैगंबरांनी रस्त्याचा हक्क अदा करायला सांगितले, आणि त्या हक्कात कुणाला त्रास न देणे हे येते. रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर तो सात हात ठेवावा, असा निर्णयही हदीसच्या ग्रंथांत आहे. म्हणजे रस्त्याचे मोजमाप ही गोष्ट परकी नाही आणि विलायतेतून आलेलीही नाही. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात मजल्ला ही दिवाणी संहिता तयार झाली. तिच्यात शेजाऱ्याच्या घरातले अंगण, स्वयंपाकघर आणि विहिरीची जागा आपल्या खिडकीतून दिसत असेल तर ते मोठे नुकसान मानले आहे. पण त्यावर उपाय म्हणून खिडकी बुजवायचीच असे नाही. दिसणार नाही इतपत आडोसा केला तरी पुरते. आपल्या बागेतल्या झाडावर चढल्याने शेजारच्या बायकांची जागा दिसत असेल, तर चढण्यापूर्वी प्रत्येक वेळी सूचना द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. हे वाचले तेव्हा आम्हाला हसू आले. आमच्याकडे नारळ पाडायला येणारा गडी माडाला हात लावण्यापूर्वी खालूनच आरोळी देतो, "चाची, माडार चडतंय हां!" त्याने मजल्ला वाचलेली नाही. शेजारधर्म मात्र त्याला पुरता ठाऊक आहे.

शेवटी निर्णय अम्मीनेच दिला. ती म्हणाली, "पडदा माझा आहे, तो रस्त्याने का सोसायचा? गडगा उतरवा. विहिरीभोवती मला कुडाण घालून द्या." २०२२ च्या पावसाळ्याआधी आम्ही कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर गडगा अडीच फुटांवर आणला. उतरलेले चिरे विहिरीच्या पाळीला वापरले, आणि विहीर-न्हाणीला माडाच्या झावळ्यांचे कुडाण केले. पडदा राहिला आणि वाटही दिसू लागली. भिंत आणि पडदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंत मालकीच्या हद्दीवर असते, पडदा जिथे गरज असते तिथे असतो. एवढा फरक ध्यानात घेतला तर कोपऱ्याच्या नियमाशी भांडण्याचे कारण उरत नाही.

दुसरा नियम मात्र इतका सोपा नाही. तो घरांच्या आणि माणसांच्या संख्येचा आहे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी १९९१ मध्ये सागरी किनारा नियमनाची अधिसूचना काढली. आपण सगळे तिला सीआरझेड म्हणून ओळखतो. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येईल, पण जोत्याचे क्षेत्रफळ, बांधकामाचे प्रमाण आणि 'अस्तित्वातील घनता' वाढता कामा नये. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात परंपरागत वस्तीला घरे बांधता येतील, पण घरांची एकूण संख्या आधीच्या संख्येच्या दुपटीहून अधिक नको. सगळे मजले मिळून बांधकाम भूखंडाच्या ३३ टक्क्यांपलीकडे नको. उंची ९ मीटर, मजले दोनच. नदी-खाडीच्या काठालाही अशीच रेषा होती. देवबागेला पाणी दोन्ही बाजूंना, त्यामुळे इथे टेप दोन्हीकडून लागते. काही ठिकाणी दोन्ही रेषा एकमेकींना भेटतात आणि मधे काहीच उरत नाही. आमचे घर गावाच्या जरा रुंद भागात असल्याने मधल्या पट्ट्यात राहिले.

अब्बांचा इंतकाल २००३ मध्ये झाला. मागे अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. शरीयतप्रमाणे अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे अर्धा गुंठा. उरलेल्या साडेतीन गुंठ्यांत भावांचे दोन-दोन आणि बहिणीचा एक असे पाच भाग. भावांना प्रत्येकी १.४ गुंठे, बहिणीला ०.७ गुंठा. जमिनीचे तुकडे आम्ही केले नाहीत, फक्त हिशेब मांडून ठेवला. २००९ मध्ये बहिणीचे यजमान वारले आणि ती दोन मुलांना घेऊन माहेरी आली. तिची इच्छा एवढीच की आपली चूल वेगळी असावी. भावजयांच्या चुलीवर आयुष्य काढणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

तेव्हा तो हिशेब पुन्हा काढला. चार गुंठे म्हणजे सुमारे ४०५ चौरस मीटर. त्याचे ३३ टक्के म्हणजे १३३. जुने घर १२० मीटरचे. उरले १३. एवढ्यात एक खोली आणि मोरी. बहिणीचा हिस्सा वेगळा धरला तरी ७१ मीटरांवर २३ मीटर बांधकाम, त्यातही चिऱ्याच्या भिंतींची जाडी गेली. कुरआनने तिला हिस्सा दिला, आणि किनाऱ्याच्या नियमाने त्या हिश्शावर चुलीपुरती जागाही धड ठेवली नाही. नियम करणाऱ्यांचा आमच्या बहिणीवर राग नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर समुद्रकाठी उठणारी मोठी हॉटेले होती. पण कागद घर मोजतो, चुली मोजत नाही. घरांची दुप्पट संख्या ठरवताना ज्यांची घरे आधीच वेगळी नोंदलेली होती त्यांचे दोनाचे चार झाले. जे भाऊ-भाऊ एका छपराखाली गुण्यागोविंदाने राहिले त्यांचे मात्र एकच मोजले गेले.

एका घरात कुणी राहावे यावर बंधन घालण्याची ही तऱ्हा फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ईस्ट क्लीव्हलंड या शहराने घरात कोणते नातेवाईक राहू शकतात याची व्याख्याच केली होती. इनेझ मूर नावाच्या आजी आपला मुलगा आणि दोन नातवंडे यांच्यासह राहत. नातवंडे सख्खी भावंडे नव्हती, चुलत होती. एकाची आई वारल्याने तो आजीकडे आला होता. शहराने त्याला बेकायदा रहिवासी ठरवले आणि आजीला ५ दिवसांची कैद व २५ डॉलरचा दंड झाला. १९७७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा निकाल फिरवला. कुटुंब म्हणजे केवळ आईबाप आणि मुले नव्हेत, आजी-आजोबा, काका-मावश्या आणि चुलत-मावस भावंडे यांचे एकत्र राहणेही तितकेच जुने व आदरणीय आहे, असा त्या निकालाचा आशय होता. आपल्या एकत्र कुटुंबांना जे उपजत कळते ते तिथे एका आजीला न्यायालयात सिद्ध करावे लागले.

आपल्याकडेही नियम बदलले. जानेवारी २०११ च्या अधिसूचनेत २०० मीटरपलीकडच्या पारंपरिक वस्तीसाठी दुपटीची आणि ३३ टक्क्यांची अट राहिली नाही. ९ मीटर उंची, दोन मजले आणि स्थानिक बांधकाम नियम एवढे राहिले. त्यानंतर २०१४ मध्ये रीतसर परवानगी घेऊन आम्ही मागच्या पडवीवर मजला चढवला आणि बहिणीची चूल वेगळी पेटली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये तो भाग तिच्या नावाने लागला. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने आणखी एक भेद आणला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा अधिक वस्ती असलेल्या ग्रामीण किनाऱ्यासाठी ना-विकास क्षेत्र ५० मीटर, बाकीच्यांसाठी २०० मीटर. ज्यांनी गर्दी केली त्यांना सूट, ज्यांनी माड राखले त्यांना जुनीच रेषा.

त्याच अधिसूचनेत स्थानिकांना घराचे जोते आणि दर्शनी रूप न बदलता पाहुणे ठेवण्याची मुभा आहे. केंद्राच्या न्याहारी-निवास योजनेत जास्तीत जास्त ६ खोल्या आणि १२ खाटा, आणि मालकाने कुटुंबासह तिथेच राहिले पाहिजे. ही अट चांगली आहे. पण हंगामात गावात काय होते? पाहुण्यांना खोल्या, आणि घरची माणसे पडवीत. त्यात गैर काही नाही, पोटाचा प्रश्न आहे. मात्र वाळूच्या या पट्टीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर येते. शोषखड्डे विहिरींजवळ आले की दुसरे संकट. विहिरीला पाहुणा आणि घरचा असा फरक कळत नाही. माणसांच्या संख्येला मर्यादा हवी ती या कारणासाठी, आणि ती आम्हाला मान्य आहे. पण ती मोजताना आधी गावात राहणाऱ्यांच्या चुली मोजाव्यात, मग पाहुण्यांच्या खाटा.

वाचकांपैकी किनाऱ्यावर राहणारे पुष्कळ असतील. बाणकोटपासून बांद्यापर्यंत आपल्या घरांत वाटण्या तोंडी राहतात आणि बहिणींचे हिस्से बहुधा आठवणीतच राहतात. किनाऱ्याच्या आराखड्यांवर जनसुनावणी होते तेव्हा आपल्यापैकी फार थोडे लोक जातात. नकाशावर रेषा ओढली जाते ती कागदावर असलेल्या घरांभोवती. तेव्हा नमुना ८ चा उतारा काढून पाहावा, वेगळ्या चुलीची वेगळी नोंद करावी, बहिणीचे नाव सातबाऱ्याला लावून घ्यावे आणि सुनावणीला जाऊन बोलावे. कोपऱ्यावरचा गडगा उतरवायला कुणाच्या नोटिशीची वाट पाहू नये. तो रस्त्याचा हक्क आहे, तो अदा करावा. घरातल्या माणसांचा हक्क मात्र कागदावर मांडून मागावा लागतो, आणि तो मागण्यात संकोच बाळगू नये.