माळावरची माळ

संकेश्वरचे नाव घेतले की कुणाला तेथील शंकराचार्यांचा मठ आठवतो, कुणाला संकेश्वरी मिरची. हिरण्यकेशीकाठचे हे गाव माझे माहेर. मला आठवतो तो तरवड. घटस्थापनेच्या सकाळी आजीबरोबर माळावर जायचे, ओटीभर पिवळी फुले खुडायची आणि घटावर माळ चढवायची, हा आमच्या घरचा नेम होता.

गेल्या नवरात्रात पुष्कळ वर्षांनी तेथे जाण्याचा योग आला. महामार्गावर उतरून पाहते तो ओळखीच्या जागी माळ नव्हता. घरांचे प्लॉट पडले होते. अर्धा तास चालल्यावर गवतात कमरेएवढी झुडपे दिसली, सोनेरी फुलांनी लगडलेली. या फुलात मध नसतो. पराग असतो, तोही परागकोशाच्या टोकाशी बारीक छिद्रांत बंद. भुंगा अंग थरथरवून गुणगुणला, म्हणजेच तो बाहेर पडतो. गुरे या झुडपाला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून चरून उजाड झालेल्या माळावरही ते तग धरते. दक्षिणेत त्याच्या सालीने एके काळी कातडी कमावीत. अशा जमिनीला आपण ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो!

तेथे फुले खुडणाऱ्या बाईंनी नाव सांगितले, ‘तंगडी’. मराठी कानांना हसू यावे, पण कानडीत तरवड तो हाच. १९५६ साली हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला; सीमेचा वाद माणसांत राहिला. तरवड दोन्हीकडे फुलतच राहिला.

हैदराबादेस येताना फुले आणावीशी वाटली, पण खुडलेले फूल लवकरच मान टाकते. येथे इतकी वर्षे मी घटाला बाजारच्या झेंडूची माळ घालीत आले. शेजारी मात्र सर्वपित्री अमावास्येपासून बतुकम्मा रचतात आणि तीत ‘तंगेडू’ला मोठा मान. २०१४ साली नवे राज्य झाले, तेव्हा तेलंगणाने हेच राज्यपुष्प ठरविले. नाव परके, म्हणून दाराजवळचा तरवड मी ओळखला नव्हता.

यंदा शेजारणीबरोबर मीही शहराबाहेरच्या माळावर जाणार आहे. आजीचा नियम तिलाही सांगेन: फुले खुडावीत, फांदी मोडू नये, आणि शेंगा झुडपावरच राहू द्याव्यात.