दुबार पेरणी

बीदर-कलबुर्गीच्या आभाळात वैमानिक घडवणाऱ्या दोन तऱ्हेच्या शाळा भरतात, आणि नापास झालेल्याकडे पाहण्याची दोन्हींची रीत वेगळी आहे. बीदरची शाळा हवाई दलाची, कलबुर्गीची नागरी. दोन्ही शहरांना जोडणारा 110 किलोमीटरांचा लोहमार्ग 2017 मध्ये पूर्ण झाला. त्या मार्गावरची गाडी बीदरच्या तांबड्या जांभ्यावरून निघते आणि कलबुर्गीच्या काळ्या रानात येऊन थांबते. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतल्या कितीतरी घरांत बोलणे मराठीत चालते, कचेरीतला कागद कन्नडमध्ये असतो आणि बाजारातली घासाघीस दखनीत होते. डोक्यावरून जाणाऱ्या जेटचा आवाज मात्र सगळ्यांना सारखाच ऐकू येतो. तो ऐकत वाढलेल्या मुलांपैकी एखाद्याच्या मनात वैमानिक होण्याचे स्वप्न घर करून बसते.

बीदरच्या धावपट्टीवर हवाई दलाच्या भावी लढाऊ वैमानिकांना जेट विमानाचे शिक्षण मिळते. पूर्वी इथे किरण विमाने होती; 2008 मध्ये हॉक आली. 1996 मध्ये सूर्यकिरण हा हवाई कसरतींचा संघ इथेच उभा राहिला. शिकवण्यासाठी विमाने कमी पडू लागली तेव्हा 2011 मध्ये त्याला थांबावे लागले, आणि 2015 मध्ये हॉकवर बसून तो पुन्हा आकाशात आला. संघाला अशी दुसरी संधी मिळाली, उमेदवाराला ती सहसा मिळत नाही. उड्डाण शाखेसाठी हवाई दलाची जी अभिक्षमता चाचणी असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. पडद्यावरच्या खुणा, हातापायांचा मेळ, एका वेळी दोन कामांवर ठेवायचे लक्ष असे सगळे त्यात तपासले जाते. त्या दिवशी जमले नाही, तर हवाई दलाचा वैमानिक होण्याचा रस्ता तिथेच संपतो. चष्म्याच्या नंबरावरही दलाचे नियम कडक आहेत. देशाच्या सीमेवर वेगाने जाणाऱ्या विमानासाठी ही कठोरता लागते, हे खरे. पण सतरा-अठराव्या वर्षी हा निकाल हाती घेऊन घरी परतणाऱ्याला ते समजायला वेळ लागतो.

कलबुर्गीचा दरवाजा पुन्हापुन्हा ठोठावता येतो. शहराबाहेर श्रीनिवास सरडगी गावाजवळच्या विमानतळाची पायाभरणी 2008 मध्ये झाली आणि पहिले प्रवासी विमान उतरले 22 नोव्हेंबर 2019 रोजी. अकरा वर्षे रखडलेल्या या जागेवर तीन किलोमीटरांहून लांब धावपट्टी आहे, आणि प्रवासी विमानांची ये-जा मोजकीच असल्यामुळे ती बराच वेळ मोकळी असते. शिकाऊ वैमानिकाला नेमके हेच हवे असते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने 2021 मध्ये नव्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव आणि जळगावच्या जोडीने कलबुर्गीही होते. तेव्हापासून तुरीच्या रानांवर लहान विमानांची घरघर ऐकू येऊ लागली.

नागरी मार्गावरची पहिली चाळण शरीराची. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असलेला उमेदवार आधी दुसऱ्या श्रेणीची आणि मग पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी देतो. चष्मा लावून नजर ठरलेल्या मर्यादेत बसत असेल तर इथे तो अडथळा ठरत नाही. रक्तदाब वाढलेला निघाला, हृदयाच्या आलेखात काही खटकले, तर ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा मिळतो. या दोन शब्दांतला पहिला शब्द महत्त्वाचा आहे. धक्का बसलेल्या घरात मात्र बहुतेक वेळा दुसराच तेवढा ऐकला जातो. उपचार करून, ठरलेल्या काळानंतर, पुन्हा तपासणी देता येते.

दुसरी चाळण कागदाची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय हवाई नियम, मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र आणि विमानाचे तंत्र या विषयांच्या परीक्षा घेते. प्रत्येकात शंभरपैकी सत्तर गुण लागतात. रेडिओवरून बोलण्याच्या परवान्याची परीक्षा वेगळी. एकोणसत्तरला नापास होणारा विद्यार्थी शाळेत पहिल्या वर्गात आलेला असू शकतो, म्हणून ते अपयश जास्त लागते. सीमाभागातल्या मुलाला त्यात आणखी एक चढ असतो. मराठी किंवा कन्नड माध्यमातून शिकलेल्याला इंग्रजी वाचता येते, पण घरघरणाऱ्या इंजिनात, कानातल्या यंत्रातून, वेगाने आलेली सूचना ऐकून ती जशीच्या तशी परत म्हणणे निराळे. पहिल्या आठवड्यांत जीभ अडते आणि नियंत्रकाला वाक्य पुन्हा सांगावे लागते. यावरचा इलाज साधा आणि कंटाळवाणा आहे: तीच वाक्ये रोज मोठ्याने म्हणणे. रेडिओची भाषा ठरावीक शब्दांची असते, आणि शेतात उभे राहूनही ती घोकता येते.

खरी कसोटी मात्र धावपट्टीवर लागते. शिकण्याचा पाया म्हणजे सर्किट, धावपट्टीभोवतीची आयताकृती फेरी: उड्डाण, वळण, पट्टीला समांतर उलट दिशेचा प्रवास, पुन्हा वळण आणि शेवटची सरळ उतरण. एका फेरीला काही मिनिटे लागतात, आणि त्यांतले शेवटचे काही सेकंद महिनाभर झोप उडवतात. जमीन काही फुटांवर आली की नाक हलकेच उचलून विमानाचा वेग मरू द्यायचा असतो. याला फ्लेअर म्हणतात. तो लवकर झाला तर विमान उंचावर लोंबकळून धपकन खाली बसते. उशिरा झाला तर चाके आपटून ते चेंडूसारखे उसळते. किती फुटांवर हे करायचे ते पुस्तकात लिहिलेले असते, पण डोळ्याला ते दिसायला दिवस लागतात. नवशिका समोरच्या जमिनीकडे टक लावून पाहतो. शिक्षक सांगत राहतो की नजर पट्टीच्या दूरच्या टोकावर ठेव. एका सकाळी नजर आपोआप तिथे जाते आणि चाके केव्हा टेकली हे कळतही नाही.

त्या सकाळनंतर कधीतरी शिक्षक विमानातून उतरतो आणि विद्यार्थी एकटा फेरी मारून येतो. हेच पहिले एकल उड्डाण, सोलो. कोणाचा सोलो पंधरा तासांत होतो, कोणाचा तिशीत जातो. एका तुकडीत सगळ्यांचे सोलो झाले आणि आपलाच राहिला, हा या शिक्षणातला सर्वांत एकाकी काळ असतो. वसतिगृहात मित्रांवर पाणी ओतून आनंद साजरा होत असतो आणि एका खोलीतला दिवा लवकर मालवला जातो. पण किती तासांनी सोलो झाला, हे पुढे परवान्यावर कोठेही छापले जात नाही.

या अडखळण्यात जमिनीचाही वाटा असतो. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांहून उंच आहे आणि वैशाखात इथला पारा चाळिशी ओलांडतो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना कमी उचल मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि जमीन सोडायला विमानाला जास्त धाव लागते. नांगरून ठेवलेले काळे रान, पांढरट शहाबादी फरशीच्या खाणी, तळ्याचे पाणी हे सारे वेगवेगळ्या गतीने तापते. त्यांच्यावरून उठणारे हवेचे स्तंभ हलके विमान एकदा वर फेकतात, एकदा खाली ओढतात. म्हणून उन्हाळ्यात शिकवणी पहाटे सुरू होते आणि ऊन चढले की नवशिक्यांची विमाने बहुधा जमिनीवर येतात. पावसाळ्यात ढग खाली उतरतात. नजरेच्या आधारे उडायला सर्वसाधारणपणे पाच किलोमीटर स्पष्ट दिसावे लागते. ते दिसत नसेल तर दिवसच्या दिवस विमाने दोराने बांधून ठेवावी लागतात. हाताला लागलेले वळण अशा सुट्टीत मोडते, आणि ढग फाटल्यावर आधी जमलेले पुन्हा शिकावे लागते.

व्यावसायिक परवान्यासाठी एकूण 200 तासांचे उड्डाण लागते. त्यांतले किमान 100 तास स्वतः विमानप्रमुख म्हणून. 20 तास दूरच्या प्रवासाचे, आणि त्यांत 300 सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरांचा, दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेला एक प्रवास. 10 तास केवळ उपकरणांकडे पाहून. 5 तास रात्रीचे, दहा उड्डाणे आणि दहा उतरणींसह. हे सारे एका वहीत लिहिले जाते. त्या वहीत उसळलेल्या उतरणीचा तास आणि अलगद टेकलेल्या उतरणीचा तास एकाच रकान्यात, एकाच मापाने बसतात. फसलेला तास कोणी खोडत नाही. 200 ची बेरीज त्यालाही धरूनच होते. वैमानिकाचा परवाना उभा असतो तो अशा चुकलेल्या तासांच्याही पायावर.

पण त्याच नियमाचा दुसरा भाग कडक आहे. हे 200 तास अर्ज करण्याआधीच्या पाच वर्षांतले असावे लागतात, आणि विमानप्रमुख म्हणून केलेल्यांपैकी किमान 15 तास शेवटच्या सहा महिन्यांतले. म्हणजे चुकलेल्याला नियम सामावून घेतो; थांबलेल्याचे तास मात्र हळूहळू गळून पडतात.

हा हिशेब इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. मृगाने दगा दिला, उगवलेले कोंब करपले, की दुबार पेरणी करावी लागते. तिला कोणी शेतकऱ्याचा दोष म्हणत नाही. बियाणे पुन्हा विकत घ्यावे लागते, पण तिफण पुन्हा चालते. मुदत मात्र तिलाही असते. मूग-उडदाची वेळ टळली तर तेच धरून बसण्यापेक्षा तूर पेरणे शहाणपणाचे. हवाई दलाची एकमेव चाचणी हुकल्यावर कलबुर्गीच्या धावपट्टीकडे वळणारा मुलगा हेच करत असतो.

दुबार पेरणीचा खर्च मात्र खरा असतो. परवान्यापर्यंतचे शिक्षण साधारण अर्ध्या कोटीच्या घरात जाते. त्यासाठी जमीन गहाण पडते, बँकेचे कर्ज उभे राहते. उड्डाणाचा प्रत्येक जादा तास पैशांत मोजला जातो, म्हणून रखडलेल्या सोलोचे ओझे विद्यार्थ्याच्या खांद्यावर दुप्पट होते. पैशाची चणचण हे शिक्षण मध्येच थांबण्याचे मोठे कारण आहे, आणि थांबण्याची किंमत नियमात लिहिलेलीच आहे. म्हणून जाणते लोक सांगतात की सुरुवात करण्यापूर्वी सगळ्या खर्चाची तजवीज करावी, आणि ठरलेल्यापेक्षा काही तास जास्त लागतील असेच धरून चालावे.

अडथळा प्रत्येक वेळी विद्यार्थ्याच्या हातातलाच असतो असेही नाही. बीदर आणि कलबुर्गी (तेव्हाचे गुलबर्गा) जेव्हा हैदराबाद संस्थानात होते, त्या काळात संस्थानाची स्वतःची डेक्कन एअरवेज होती. पुढे तिथे नोकरीला लागलेल्या प्रेम माथुर यांनी 1947 मध्ये अलाहाबादच्या फ्लाइंग क्लबातून परवाना मिळवला होता. हात तयार होता, तास पूर्ण होते. तरीही त्या स्त्री असल्यामुळे एकामागून एक विमान कंपन्यांनी त्यांना नाकारले. अखेर डेक्कन एअरवेजने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले. 1949 ची राष्ट्रीय विमान शर्यत त्यांनी जिंकली. तरी विमानाचे प्रमुखपद तिथे मिळेना, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली आणि पुढे 1953 मध्ये त्या इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या. 1985 मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता ते सिलचर फोकर फ्रेंडशिप नेले, तेव्हा विमानातले सगळे कर्मचारी स्त्रिया होत्या. 1947 पासून त्या उड्डाणापर्यंतचे अंतर कापायला सुमारे चार दशके लागली.

परवाना हाती आल्यावरही विमान कंपनीची खुर्ची लगेच मिळत नाही. आधी एका विशिष्ट मोठ्या विमानाचे स्वतंत्र शिक्षण, टाइप रेटिंग, घ्यावे लागते. मग लेखी चाचणी, मुलाखत, आणि सिम्युलेटरमध्ये उड्डाणाच्या क्षणी बंद पडणारे इंजिन. 2012 मध्ये किंगफिशर ही विमान कंपनी बंद पडली, 2019 मध्ये जेट एअरवेज, आणि 2020 मध्ये महासाथीने सारीच विमाने जमिनीवर आणली. त्या त्या वर्षी परवाना मिळवलेल्यांनी काहीही न चुकता वाट पाहिली. काहींनी प्रशिक्षक होऊन शिकवायला घेतले. शिकवण्याने पोटापाण्याचीही सोय झाली आणि वहीतले तासही ताजे राहिले. दुसऱ्याची फसलेली उतरण शेजारच्या खुर्चीवरून सावरताना शिक्षकाला आपलाच फ्लेअर नव्याने कळतो.

पुढे 1500 तासांनंतर विमानप्रमुखाचा, म्हणजे वाहतूक वैमानिकाचा, परवाना मागता येतो. परीक्षा मात्र तिथेही संपत नाहीत. चार पट्ट्यांचा कॅप्टनही दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसून आपले कौशल्य सिद्ध करतो, आणि वैद्यकीय तपासणीला ठरलेल्या काळाने जातो. नापास होण्याची शक्यता या व्यवसायात निवृत्तीपर्यंत सोबत असते. ज्याने ती पहिल्याच वर्षी पचवली, त्याला तिची भीती कमी वाटते.

या विद्येतला सर्वांत उपयोगी धडा अगदी सुरुवातीलाच, सर्किटमध्ये शिकवला जातो. त्याला गो-अराउंड म्हणतात. उतरण बिघडते आहे असे दिसताच ती तशीच रेटायची नाही; इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, नाक वर करायचे आणि पुन्हा एक फेरी घ्यायची. त्यासाठी आधी कोणाची परवानगी लागत नाही आणि त्याची लाज बाळगायची नसते. श्रावणातल्या एखाद्या दिवशी कलबुर्गीवर ढग दाटलेले असतात, ठरलेल्या उंचीवर येऊनही पट्टी दिसत नाही, आणि जमिनीजवळ आलेले प्रवासी विमान एकाएकी गर्जत वर चढू लागते. आतले प्रवासी दचकतात. कॅप्टन नियंत्रकाला दोनच शब्द सांगतो, पहिल्या काही तासांत, लहान विमानात, अडखळत म्हटलेले. मग विमान वळते, पट्टीला समांतर जाते, आणि दुसऱ्यांदा उतरायला येते.