ओढ्यापलीकडची वस्ती

आंबिल ओढ्याकडची सोसायटीची भिंत उंच करण्याचा ठराव मी चेअरमन असताना मांडला. पार्किंगमध्ये पाणी शिरायचं, म्हणून सभेनं तो लगेच मंजूर केला. पलीकडच्या काठावरची वस्ती आमच्यापेक्षा सखल आहे, हे मला ठाऊक होतं. मग अडवलेलं पाणी जाणार कुठं, हे मी विचारलं नाही. कुणी विचारलं असतं तर मला ते आवडलंही नसतं.

कात्रजच्या डोंगरांकडून येणारा हा ओढा सहकारनगर, अरण्येश्वर करत मुठेला मिळतो. उतारांवर बांधकामं झाली, माती काँक्रीटखाली गेली. आता पाऊस मुरत नाही, सगळा लोंढा एकदम खाली येतो. आणि इथं दोन्ही काठांनी पात्र आवळलेलं. त्यात आमच्या भिंतीची भर.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढा चढतोय, असं वॉचमननं सांगितलं. मी ग्रुपवर मेसेज टाकला, ‘गाड्या वर काढून घ्या.’ घरी कामाला येणाऱ्या मावशी त्याच वस्तीत राहतात. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, पण त्यांना फोन करायचं माझ्या मनातही आलं नाही.

सकाळी गेलो तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीला चिखलाची रेघ होती. शिलाई मशीन आडवं पडलेलं, गव्हाचा डबा गाळानं भरलेला. लेकीला घेऊन त्यांनी पोटमाळ्यावर रात्र काढली होती. “साहेब, तुम्हाला आधी कळलं होतं का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्या पुरात पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. मावशी वाचल्या, यात माझा काहीही वाटा नव्हता.

आमच्या गाड्यांना विमा होता. मावशींचं रेशनकार्डच वाहून गेलं होतं आणि पंचनाम्याच्या वेळी कागदपत्रं मागितली जात होती. मी त्यांच्याबरोबर खेटे घातले, थोडे पैसे मिळाले, मशीन मात्र गेलं ते गेलंच.

भिंत उतरवण्याचा ठराव मी नंतर मांडला, तो पडला. वस्तीतले फोननंबर आता वॉचमनच्या केबिनमध्ये लावले आहेत, पहिला फोन तिकडे जातो. हवामानाचा इशारा अख्ख्या जिल्ह्याला असतो, ओढा मात्र बघता बघता चढतो. त्यामुळे वरच्या अंगाच्या सोसायट्यांनी आम्हाला आणि वस्तीला एकाच वेळी कळवावं, यासाठी कात्रजकडच्या लोकांशी बोलणं सुरू केलं आहे.