पाऊण आणि अर्धा

नंदुरबार, रविवार रात्र. पथारीवर वाळणाऱ्या मिरचीचा ठसका अजून घशात आहे.

भाचीने वहीत लिहिलं होतं: ०.७५ + ०.५ = ०.८०. पंचाहत्तर आणि पाच, ऐंशी. मी रागावले नाही. पाऊण किलो मिरचीत अर्धा किलो घातली, तर किलोभरही होणार नाही का, एवढंच विचारलं. ती थबकली. मग टिंबाखाली टिंब मांडलं, ०.५ चं ०.५० केलं. शतांशाचे ५ तसेच. दशांशाचे ७ आणि ५ मिळून १२, हातचा एक. १.२५. अपूर्णांकातही तेच: छेद समान केले, ३/४ + २/४ = ५/४.

"सव्वा!" आई आतून म्हणाली. तिला पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे अजून पाठ आहेत. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे १०० पैसे झाले. त्याआधी तो १६ आण्यांचा. बारा आणे आणि आठ आणे, सव्वा रुपया, टिंबाशिवाय! ही पाढ्यांची शिदोरी आपण फार लवकर खाली ठेवली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

झोपण्याआधी भाचीने विचारलं, एक तृतीयांश दशांशात कसं लिहू? भागाकार करत, तीनावर तीन मांडत ती पानाच्या कडेपर्यंत पोचली आणि नवं पान उलटलं.