परसातला हिरवा

ऐन मे महिन्यात आमचं सगळं परस करपून पिवळं पडतं, तेव्हा तो एकटा हिरवा असतो. कळसूबाईकडून वारं सुटलं तरी त्याचं पातं लवत नाही. आषाढात आठ-आठ दिवस झड लागली तरी तो बोटभर वाढत नाही. आजीनं पहिल्या दिवशी त्याच्यावरून तळहात फिरवला आणि विचारलं, "ह्याला पाणी नगं, शेण नगं, मग ह्ये जगतं तरी कशावर?"

त्याचं नाव टर्फ. बॉक्स क्रिकेटचे, जाळी लावलेले, तासावर भाड्यानं मिळणारे टर्फ आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले आहेत. आमचा टर्फ घरचा. अकोले इथं घरामागे, लांबीला 45 फूट आणि रुंदीला 25. पोरं त्यावर क्रिकेट खेळतात, जाळी बांधली की बॅडमिंटन होतं, आणि संध्याकाळी शेजारची दोन वर्षांची मुलगी त्यावर चालायला शिकलेली मी पाहिली आहे.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला वर्षभरानं मिळालं. तो पोटाखालच्या जमिनीवर जगतो. ही गोष्ट आम्हाला आधीच कळायला हवी होती, कारण त्याच जागेवर पूर्वी आमचं खळं होतं.

खळं करणं हे काम ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. दिवाळीच्या सुमाराला जागा खणायची, पाणी मारायचं, बैल फिरवून तुडवायची, धुमसानं चोपायची, मग शेणानं सारवायची. मधोमध मेढ. एक भेग राहिली तर तिच्यात दाणे गेले, एक खळगा राहिला तर अवकाळी पावसाचं पाणी तिथंच साचलं. म्हणून आजोबा खळ्यावर अनवाणी चालून बघत. उंचसखलपणा त्यांना पायाला कळायचा.

टर्फ घालणाऱ्यांनी असं चालून पाहिलं नाही. वरची माती खरवडली, मुरूम पसरला, रोलर दोनदा फिरवला आणि रोल अंथरले. चार दिवसांत काम संपलं. दिसायला देखणं होतं. पहिल्या जुलैत घराकडच्या कोपऱ्यात तळं साचलं, मुरूम खचला, दोन रोलांचा जोड उसवून त्याची कड जिभेसारखी बाहेर आली. धाकट्याचा पाय तिच्यात अडकला आणि महिनाभर तो पट्टी बांधून ओट्यावर बसला. पावसाळा सरल्यावर आम्ही सगळं उचकटलं.

दुसऱ्या वेळी एक म्हातारे गवंडी आले. त्यांनी आयुष्यात टर्फ घातला नव्हता. खळी मात्र पुष्कळ केली होती. त्यांनी आठ इंच खणायला लावलं. खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर बारीक कच, आणि प्रत्येक थरावर पाणी मारून चोपणी. नळीत पाणी भरून लेव्हल काढली आणि 25 फुटांच्या रुंदीला 3 इंच ढाळ दिला, घरापासून दूर, चराकडे. टर्फच्या पाठीला बारीक भोकं असतात. वरचं पाणी त्यांतून खाली उतरतं, पण खाली वाट असेल तरच. शेवटी त्यांनी चपला काढल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मला आजोबा दिसले.

मग रोल पुन्हा आले. टर्फलाही कल असतो, हे मला तेव्हा समजलं. सगळ्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली लागतात. एक पट्टी उलटी पडली की ती वेगळ्याच हिरव्या रंगाची दिसते. जोडाखाली पट्टी आणि गोंद, वरून कोरडी वाळू, आणि कडक खराट्यानं पातं उभं करणं. रबराचे काळे दाणे आम्ही घातले नाहीत. असे दाणे पावसाबरोबर वाहून जातात. युरोपीय संघानं 2023 साली त्यांच्या विक्रीवर बंदी ठरवली, बदलासाठी आठ वर्षांची मुदत दिली. आपल्याकडे तेवढी वाट पाहायचं कारण नाही.

टर्फचं मूळ घर फार लांबचं. अमेरिकेत ह्यूस्टनला छप्पर असलेलं मोठं स्टेडियम बांधलं. छताच्या काचांतून येणारी तिरीप खेळाडूंच्या डोळ्यांवर यायची म्हणून काचा रंगवल्या, आणि उजेड तुटल्यानं आतलं गवत मेलं. 1966 साली तिथं प्लास्टिकचं गवत अंथरलं गेलं. दहा वर्षांनी, 1976च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा अशा मैदानावर खेळली गेली. आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला भारत तिथं सातवा आला. चेंडू भरधाव सुटत होता, आणि सराव करायला आपल्याकडे तसं मैदानच नव्हतं. आज अकोल्यातल्या मुलाला घरामागे तसं मैदान मिळतंय, याचा मला आनंद आहे.

स्वभावानं तो सकाळी शांत. दव पडलेलं असतं, पाय गार पडतात. दुपारी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. खरं गवत आपल्यातली वाफ सोडून स्वतःला निववतं, याला ते जमत नाही. कडक उन्हात असा पृष्ठभाग 60 अंशांच्या पुढे तापू शकतो. पाणी मारलं की थोडा वेळ निवतो आणि पुन्हा तापतो. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात नऊनंतर आणि पाचच्या आत कुणी खेळत नाही. त्यावर पडलं की गुडघा सोलतो, मातीवर फुटतो त्यापेक्षा वेगळा, भाजल्यासारखा. आणि रात्रीचे दिवे. भंडारदऱ्याकडे पावसाआधी झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. त्या बाजूला कुणी टर्फ घालत असेल तर तेवढे दिवस दिवे बंदच ठेवावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

एका गोष्टीवर आजी अडून बसली होती. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं, परसबागा उभ्या केल्या, 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या तालुक्यात राहून परस सगळं प्लास्टिकखाली घालायचं, हे आजीला पटेना. तिचंच बरोबर होतं. कुंपणालगत चार फुटांची पट्टी आम्ही मातीची ठेवली. तिथं वाल आणि घेवडा आहे. चेंडू मांडवात अडकला की शेंगा बघून, हळू हात घालून काढायचा, हा नियम तिचा.

चराच्या तोंडाशी आम्ही बारीक जाळी बसवली आहे. पावसाळ्यात दर आठवड्याला ती मी झाडतो. पाला निघतो, वाळू निघते, आणि तुटलेल्या हिरव्या काड्या निघतात. गेल्या पावसाळ्यात त्या वाडगाभर निघाल्या. जाळी नसती तर त्या ओढ्यानं प्रवरेत गेल्या असत्या. तुम्ही परसात टर्फ घालणार असाल तर रंग आणि भाव नंतर विचारा. पाणी कुठून जाणार, ते आधी चालून बघा.