साडेतीनशे की साडेसहाशे?

"तुला कशाला गं साडेसहाशे? तू आपली छोटीच घे!"

काकांनी चहात बिस्किट बुडवता बुडवता हे वाक्य टाकलं आणि त्याच क्षणी माझं ठरलं. आता घ्यायची तर मोठीच!

तोपर्यंत मी खरंच गोंधळात होते. वय बत्तीस, घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीत आणि दिमतीला नऊ वर्षांची इमानी स्कूटर. यंदा इन्क्रिमेंट बऱ्यापैकी झालं, तेव्हा कॉलेजपासूनचं स्वप्न बाहेर काढलं. क्रूझर! पाय पुढे, पाठ ताठ, घाई अजिबात नाही. शेवटी गाडी अडली ती रॉयल एनफिल्डच्या दोन बाइक्सवर. मीटिऑर ३५० आणि सुपर मीटिऑर ६५०.

कागदावर हिशोब सोपा आहे. पहिलीत ३४९ सीसीचा एकच सिलिंडर, साधारण २० बीएचपी आणि वजन १९१ किलो. दुसरीत ६४८ सीसी, दोन सिलिंडर, ताकद दुपटीहून जास्त आणि वजन २४१ किलो. गंमत म्हणजे मोठीची सीट ७४० मिलिमीटरवर, म्हणजे छोटीपेक्षा २५ मिलिमीटर खालीच. माझ्यासारख्या पाच फूट तीन इंचवालीचे पाय मस्त टेकतात. मग 'तुला कशाला'चा प्रश्न येतोच कुठे?

ऑफिसमध्ये दुसराच सूर. "परवडतंय ना? मग ६५०च घे यार. वर्षभरात छोटीचा कंटाळा येतो!" टीममधल्या एकाने तर रविवारी स्वतःची ६५० माझ्या हातात दिली.

सकाळी सहाला निघाले. चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी. काय सांगू! छोटीची टेस्ट राइड आधीच झाली होती. तिची धडधड गोड आहे, ऐंशी-नव्वदपर्यंत ती आनंदाने पळते, पण शंभरच्या पुढे तिला दम लागतो. हिला दम हा शब्दच माहीत नाही. मूठ जराशी पिळली की ट्रक मागे. परतताना मी मनातल्या मनात ईएमआयसुद्धा ठरवून टाकला.

आणि मग आमच्या सोसायटीचा बेसमेंटचा उतार आला.

अर्ध्यात होते, तर खालून कार आली. मला मागे सरकणं भाग होतं. चढावर, उलटं, २४१ किलो घेऊन. खाली गाड्या धुतलेलं पाणी. बूट सरकला, बाइक डावीकडे कलली आणि एका क्षणात मला कळलं की ही आता माझ्या हातात नाही. वॉचमनकाका धावत आले, मागून धरली, म्हणून वाचले. माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं?

"काका, कुणाला सांगू नका हं!"

ते हसले. "पडली कुठंय ताई? सांगायचं काय?"

रात्री झोप लागेना. बाइक पडली असती, पाय मोडला असता, मित्राचं नुकसान झालं असतं. पण मला भीती कसली वाटली? लोक काय म्हणतील याची! म्हणजे मी बाइक निवडतच नव्हते. कुणाला तरी उत्तर देत होते. आणि त्या उत्तराचे हप्ते मी भरणार होते.

मग शांतपणे माझा महिना मांडला. बावीस दिवस हिंजवडी, तेही बहुतेक दुसऱ्या गिअरमध्ये. रोज दोनदा तोच उतार. दोन रविवार ताम्हिणी किंवा वाई, जिथे वळणंच इतकी की शंभरचा प्रश्न येत नाही. मुंबईला जायचं तर एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी, म्हणजे जुना हायवे आणि खंडाळ्याचा घाट. वर टॅक्स! २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के.

तुमचा महिना वेगळा असेल. दर वीकेंडला दोघं मिळून, सामान बांधून बंगळुरू हायवे धरत असाल तर बिनधास्त मोठी घ्या, पैसे वसूल होतील. फक्त टेस्ट राइडला सरळ रस्त्यावर चालवून परत येऊ नका. इंजिन बंद करा, उतरा आणि ती स्वतः ढकलून मागे घेऊन बघा.

मी ३५० बुक केली. काकांनी फोन केला, "बघ, मी म्हटलं होतं ना!" वाद घालावासा वाटला, पण घातला नाही. उत्तर आमचं एकच आलं होतं. गणित मात्र माझं मी सोडवलं होतं.

आता रोज सकाळी उतारावर कुणी समोरून आलं की मी आरामात मागे सरकते. वॉचमनकाका खुर्चीतून उठतसुद्धा नाहीत.