सोसण्याचा वारसा नको

मारुंजी, ता. मुळशी

चि. सोनू,

नव्या मुलींच्या स्वागताचं निवेदन मागितलंस, ते आनंदाने लिहिलं असतं. पण त्याच मेसेजखाली तुम्ही तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी केलेली नियमांची यादी आली आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. महिनाभर तेल चोपडून दोन वेण्या, सीनियर दिसली की मान खाली, तुमची जर्नल्स त्यांनी उतरवायची, रात्री दहानंतर फोन तुमच्याकडे जमा, आणि रेक्टरबाईंना यातलं अवाक्षर सांगायचं नाही. वर तू लिहितेस, ‘मावशी, आम्हीही हे केलंय, काही झालं नाही आम्हाला.’ यादीपेक्षा मला हे वाक्य जास्त लागलं. आपल्या घरात ते कोण कुणाला म्हणायचं, हे तुझ्या आईची मुलगी असून विसरलीस?

मुलींच्या होस्टेलमधलं रॅगिंग हा सासुरवासच आहे, हे माझं जुनं मत आहे आणि तू कितीही हसलीस तरी ते बदलणार नाही. सासूने सोसलं म्हणून सुनेने सोसायचं, आणि सुनेने तोंड मिटून सोसलं की तिला घरची म्हणायचं. आपल्या मुळशी-मावळातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी गावोगाव फिरून जमवल्या. त्यांत सासुरवासाच्या ओव्या ठायी ठायी आहेत. त्या गाणाऱ्याही पुढे सासू झाल्याच असतील. दुःख इतकं नेमकं कळलेल्या घरांतूनही ते पुढच्या पिढीकडे का जावं? माझं उत्तर असं, की आपण सोसलं ते फुकट गेलं हे कबूल करणं माणसाला फार जड जातं. त्यापेक्षा ‘त्यानेच मी घडले’ असं म्हणणं सोपं, आणि एकदा तसं म्हटलं की दुसरीला घडवायचा हक्कही आपोआप मिळतो.

हे माझ्या पदरचं नाही. 1959 साली एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात 63 जणी होत्या, सगळ्या कॉलेजच्या विद्यार्थिनी. एका चर्चागटात प्रवेश मिळण्यासाठी काहींना अश्लील शब्द आणि उतारे मोठ्याने वाचायला लावले, काहींना सौम्य शब्द वाचायला दिले, काहींना तसाच प्रवेश दिला. मग सगळ्यांना एकच, मुद्दाम कंटाळवाणी केलेली चर्चा ऐकवली. जिला सर्वांत जास्त लाजवलं होतं, तिला तीच चर्चा सर्वांत चांगली वाटली. ‘या प्रकारानेच आम्ही घट्ट मैत्रिणी झालो’ असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, हे मी मानते. पण मैत्री खरी असल्याचा तो पुरावा होत नाही. किंमत जबर मोजली, एवढंच त्यातून कळतं.

‘आम्ही कुणाला हात लावत नाही, मुली स्वतः हो म्हणतात,’ हे तुझं दुसरं म्हणणं. अगं, महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा, म्हणजे तुझ्याहून मोठा. त्यात मारहाणीच्या बरोबरीने मानसिक इजा, भीती आणि लाज आहे, आणि एरवी आपखुशीने जे केलं नसतं ते करायला सांगणंही आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरल्यावर पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. यूजीसीच्या 2009 च्या नियमांत तर आपलं लिखाणकाम नव्या मुलांकडून करून घेणंही रॅगिंगच. तू आणि तुझ्या आईने प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्यात त्या याच नियमांखाली. आणि ‘हो’चं म्हणशील, तर गाव सोडून परक्या शहरात आलेली अठरा वर्षांची मुलगी, जिला पुढची तीन वर्षं तुमच्याच मजल्यावर काढायची आहेत, ती ‘नाही’ कुठल्या बळावर म्हणणार?

मुलींचा छळ अंगावर वळ ठेवत नाही, म्हणून तो थट्टा ठरतो. मुंबईच्या नायर रुग्णालयातली डॉ. पायल तडवी आठव. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी. 22 मे 2019 ला तिने जीव दिला. आरोप आहेत ते तीन सीनियर डॉक्टरांवर, तिघीही स्त्रिया. त्यांत जातीवरून हिणवण्याचाही आरोप आहे. निकाल न्यायालय देईल. पण ‘सगळ्यांशी सारखंच वागतो’ असं तुम्ही म्हणता तेव्हा एवढं ध्यानात घे, की एकच टोमणा प्रत्येकीला सारखा लागत नाही. जिला बाहेरही रोज कमी लेखलं जातं, तिला तो कुठे जाऊन लागतो, हे टोमणा मारणारीला कळत नाही.

मग सीनियर-ज्युनियर जवळ यायचे कसे? एकत्र कामाने. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी बघ. तिथे नवी पोरं नेपथ्य उचलतात, रात्री जागतात, बोलणीही खातात. पण दिग्दर्शकही तितकाच घाम गाळतो आणि सगळ्यांचे कष्ट एकांकिकेसाठी असतात. कष्टाला माझा विरोध कधीच नव्हता. ज्या कष्टातून समोरच्याची मान खाली जाण्यापलीकडे काहीच निपजत नाही, त्याला आहे. नोट्स द्या, मेसचं कार्ड काढून द्या, बसचा रस्ता दाखवा, गणपतीची आरास मिळून करा.

आणि हे सगळं बाजूला ठेव. नंदुरबारकडची एक मुलगी दोन दिवस जेवायला खाली आली नाही, ‘फारच नाजूक आहे’, असं तू जाता जाता लिहिलंस. सोनू, ते वाचून मला झोप नाही. आज तिच्या खोलीत जा. एकटी जा, ताट घेऊन जा, आणि तिचा फोन तुमच्याकडे असेल तर आधी तो तिच्या हातात दे, तिला आईशी बोलू दे. 1800-180-5522 हा रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर तूच तिला लिहून दे. तुझ्या मैत्रिणी रागावतील, रागावू देत. रेक्टरबाईंनाही सांग, त्यात चहाडी नाही. निवेदन मी लिहीन, पण यादी रद्द झाल्याचं तू कळवल्यावर. तिने काही खाल्लं का, तेवढं आज रात्रीच कळव. कितीही वाजू देत, मी जागी आहे.

तुझी मावशी